डब्यात काय होतं?

ज्या चित्रपटावर हे छोटं पुस्तक लिहिलं आहे, तो काही फार चांगला चित्रपट नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. 'द विझर्ड' अमेरिकेत १५ डिसेंबर १९८९ रोजी लागला. ही एक तास चाळीस मिनिटांची जाहिरात आहे, असा समीक्षकांचा सूर होता. रॉजर ईबर्टसारख्या वजनदार समीक्षकानं चारपैकी एक तारा देऊन त्याची बोळवण केली. साधारण साठ लाख डॉलर खर्चून काढलेल्या या सिनेमानं तिकडे एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास गल्ला जमवला. पडला म्हणवत नाही आणि चालला म्हणायला जीभ रेटत नाही, असा प्रकार.

तरीही तीस वर्षं झाली, तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. का गेला नाही, याचा शोध म्हणजे पुढची पानं.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९९४च्या मे महिन्यात, सांगलीला, आजोळी. न्यू जर्सीहून मावशीचा मुलगा सुट्टीला आला होता. त्याच्या बॅगेत चॉकलेटं होती, टी-शर्ट होते आणि टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली एक व्हिडिओ कॅसेट होती. मामानं मस्कतहून आणलेला व्हीसीआर 'मल्टिसिस्टिम' असल्यामुळे अमेरिकेतली कॅसेट त्यानं गिळली खरी, पण आमच्या टीव्हीला ती मानवली नाही. रंग गेले. चित्र वरून खाली, वरून खाली असं सरकत राहिलं. मामा टीव्हीच्या मागे हात घालून एक बटण पिळत बसला, तेव्हा कुठे ते एका जागी ठरलं. आम्ही नऊ जण सतरंजीवर बसून जो सिनेमा पाहिला तो असा, बिनरंगाचा आणि मधूनच कंप सुटल्यासारखा थरथरणारा.

टीव्हीवरून उतरवलेला असल्यानं दर पंधरा मिनिटांनी जाहिराती होत्या. दुधात घालून खायचे रंगीत दाणे (आम्हाला करडे दिसले), बाहुल्या, पाण्याच्या बंदुका. त्याही आम्ही डोळे फाडून पाहिल्या. पुढे ढकला असं कुणीही म्हणालं नाही. सिनेमा कुठे थांबतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे निम्म्या वेळा आम्हाला कळत नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी ईबर्टचं परीक्षण वाचलं तेव्हा हसू आलं. त्याचा आक्षेप आम्ही न वाचताच सिद्ध केला होता.

दुसरी अडचण भाषेची. आम्ही सगळी मराठी शाळेतली पोरं. पाचवीपासून इंग्रजी सुरू झालेलं, आणि ते 'धिस इज अ मँगो'च्या फार पुढे गेलेलं नव्हतं. पडद्यावरची मुलं तोंडात चिक्की असल्यासारखी बोलत होती. मावसभाऊ आधी थोडं सांगत होता, मग त्याला कंटाळा आला. पण एका पात्राचं सगळं आम्हाला समजत होतं, कारण ते पात्र बोलतच नव्हतं. तो लहानगा जिमी. हातात जेवणाचा डबा धरून रस्त्यानं चालत निघालेला, डबा कधीच खाली न ठेवणारा. तो अख्ख्या सिनेमात जवळपास एकच शब्द म्हणतो, 'कॅलिफोर्निया'. तेवढं इंग्रजी आम्हालाही येत होतं.

आणि मग कॅसेट संपली. सुरुवातीला कसल्याशा दुसऱ्या कार्यक्रमाचा तुकडा होता, मध्ये जाहिराती होत्या, आणि दोन तासांच्या फितीत सगळं मावलं नाही. जिमी मोठी स्पर्धा जिंकतो, माणसं नाचू लागतात, आणि खर्र करून टीव्हीवर मुंग्या. मामानं व्हीसीआर बंद केला, मामीनं पानं घेतल्याची हाक मारली, आम्ही उठलो. जेवताना धाकट्या मामेबहिणीनं विचारलं, "पण त्याच्या डब्यात काय होतं?"

कुणालाच सांगता येईना. मावसभावालाही नाही. त्यानंही ही एवढीच कॅसेट पाहिलेली. त्या सुट्टीत आम्ही डब्यावर इतकं बोललो की सिनेमावर बोललो नसू. एकाचं म्हणणं, पैसे असणार. दुसऱ्याचं, मेलेला उंदीर. मामेबहिणीचं म्हणणं साधं होतं. आईनं दिलेला डबा आहे, तो खायचा राहिलाय, आणि आता तो उघडायला घाबरतोय. यातलं कुठलं उत्तर खरं निघालं ते शेवटी सांगते. आधी सिनेमाची ओळख करून द्यायला हवी.

'द विझर्ड'चा दिग्दर्शक टॉड हॉलंड आणि लेखक डेव्हिड चिझम. कथा अशी. युटा राज्यातलं एक मोडकं कुटुंब. जिमीची जुळी बहीण जेनिफर नदीत बुडून गेली, तेव्हापासून जिमीची वाचा बसली आहे. आईवडील वेगळे झाले आहेत. तो सारखा घरातून निघून कॅलिफोर्नियाच्या दिशेनं चालू लागतो, म्हणून आई आणि तिचा दुसरा नवरा त्याला संस्थेत ठेवतात. जिमीचा थोरला भाऊ कोरी (वडील एक, आई वेगळी) त्याला तिथून पळवतो. कोरीचं काम केलं होतं फ्रेड सॅव्हेजनं. 'द वंडर इयर्स' या मालिकेमुळे तो तेव्हा अमेरिकेतल्या घराघरांत पोचलेला होता. नव्वदच्या दशकात स्टार प्लसवर ती मालिका बघितलेल्यांना तो आठवेल.

वाटेत एका बसस्टँडवर कोरी तिकिटाची चौकशी करायला जातो आणि जिमीला गुंतवून ठेवायला एका खेळाच्या मशीनसमोर उभं करतो. खेळ 'डबल ड्रॅगन'. परत येऊन बघतो तर जिमीचे पन्नास हजार गुण झालेले. तिथेच हेली भेटते. जेनी लुईसनं रंगवलेली ही मुलगी एकटी प्रवास करणारी, चलाख, पैशाला चिकट आणि मनानं चांगली. लॉस एंजेलिसमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओत पन्नास हजार डॉलर बक्षिसाची व्हिडिओ गेमची स्पर्धा आहे, हे तिला ठाऊक असतं. तिघं निघतात. वाटेत हॉटेलांत, दुकानांत पैजा लावून पैसे मिळवतात. मागे वडील (बो ब्रिजेस) आणि मोठा भाऊ निक (ख्रिश्चन स्लेटर) त्यांच्या शोधात, आणि आईनं पाठवलेला, हरवलेली मुलं पकडून आणणारा एक माणूस वेगळाच. हे दोन पक्ष पोरांना शोधायचं सोडून एकमेकांच्या गाड्या फोडत बसतात. मोठी माणसं अशी असतात यावर आम्हा नऊ जणांचं तिथेच एकमत झालं.

एवढ्यावर ही प्रवासाची बरी गोष्ट झाली असती. पण मागे उभी होती निन्टेन्डो, आणि इथूनच सिनेमाचं नशीब ठरलं.

१८८९ साली क्योटोत फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवणारं एक दुकान म्हणून ही कंपनी सुरू झाली. म्हणजे 'द विझर्ड' आला तेव्हा तिची शंभरी भरली होती. १९८३च्या सुमाराला अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. अटारीनं न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरल्या. दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्द ऐकायला तयार नव्हते. अशा वेळी १९८५ साली निन्टेन्डोनं आपलं यंत्र तिथे 'एंटरटेनमेंट सिस्टिम' या नावानं आणलं आणि सोबत एक प्लॅस्टिकचा रोबो दिला, म्हणजे ते खेळण्यांच्या फळीवर ठेवता यावं. पाच वर्षांत तिथल्या साधारण दर तीन घरांमागे एका घरात ते यंत्र जाऊन बसलं. १९८८ पासून कंपनीचं स्वतःचं मासिक होतं, 'निन्टेन्डो पॉवर'. खेळात अडकलेल्या पोरांना फोनवरून मार्ग सांगायला वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंड गावी पगारी माणसं बसवलेली होती.

हे सगळं चित्रपटात आहे. मासिक आहे, फोनवरची माणसं आहेत, खेळ तर आहेतच. आणि आहे तो प्रसिद्ध हातमोजा. प्रतिस्पर्धी ल्युकस एका पेटीतून मॅटेल कंपनीचा 'पॉवर ग्लोव्ह' काढतो, एखादा सरदार जिरेटोपाआधी हातकडं चढवील तसा हातावर चढवतो आणि 'रॅड रेसर' खेळून दाखवतो. आपल्याकडे सगळेच्या सगळे सत्त्याण्णव खेळ आहेत, असंही बजावतो. मोज्याचं कौतुक करताना तो त्याला 'बॅड' म्हणतो. आपली पोरं एखाद्या गोष्टीला 'खतरनाक' म्हणतात त्या अर्थानं. काळानं त्या वाक्याचा सूड घेतला. त्या मोज्यात बोटांचं वाकणं ओळखायला वीजवाहक शाईच्या पट्ट्या होत्या आणि टीव्हीभोवती लावलेले तीन ग्राहक मोज्यातून निघणारा, कानाला ऐकू न येणारा आवाज टिपून हात कुठे आहे ते ठरवायचे. कल्पना भारी, पण नेम भलतीकडेच. खास त्याच्यासाठी म्हणून विकले गेलेले खेळ दोनच. घरोघरी तो कपाटात गेला, आणि ल्युकसचं वाक्य शब्दशः खरं ठरलं.

पण मोजा ही किरकोळ गोष्ट. खरा माल अंतिम फेरीत होता. पडदा उघडतो आणि तिन्ही स्पर्धकांपुढे कुणीही न खेळलेला खेळ येतो, 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'. जपानात हा खेळ ऑक्टोबर १९८८ मध्येच निघाला होता, पण अमेरिकेत तो फेब्रुवारी १९९० मध्ये यायचा होता. थिएटरात बसलेल्या अमेरिकन मुलांना मारिओला फुटलेली शेपूट आणि त्याचं आकाशात उडणं दुकानाच्या दोन महिने आधी दिसलं. अशी जाहिरात त्याआधी कुणी केली नसेल. पैसे घेऊन जाहिरात करतात ते सगळेच, इथे पोरांनी तिकीट काढून जाहिरात पाहिली.

समीक्षक संतापले ते यावर, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शिवाय कथेची उसनवारी उघड होती. वर्षभर आधीच 'रेन मॅन' आलेला. न बोलणारा किंवा वेगळा भाऊ, त्याच्यातली अचाट हुशारी, त्याला घेऊन निघालेला दुसरा भाऊ, वाटेत जुगाराचं गाव, हे सगळं तिथे होतं. त्याही मागे 'द हू' या बँडची 'टॉमी' होती, पिनबॉलमध्ये अजिंक्य ठरणाऱ्या आंधळ्या-मुक्या-बहिऱ्या मुलाची. 'द विझर्ड'नं दोन्हीकडून घेतलं आणि वर मारिओची टोपी चढवली.

मग लिहायचं काय आहे? या पुस्तकातलं माझं म्हणणं थोडक्यात असं. जाहिरात ही ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्याशी बोलते. ज्याला ती वस्तू मिळण्याची शक्यताच नाही, त्याच्यापुरती जाहिरात आपोआप गळून पडते आणि उरतं ते नुसतं चित्र आणि गोष्ट. सांगलीच्या त्या माजघरात आम्ही असे नऊ प्रेक्षक होतो. आम्हाला काहीही विकणं शक्य नव्हतं. निन्टेन्डोचं खरं यंत्र आम्ही पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे होता तो 'व्हिडिओ गेम', कुठल्याशा नावाचा, जपानी यंत्राची नक्कल. सुट्टीत तासावर भाड्यानं मिळायचा. कॅसेटवर शेकड्यांनी खेळ असल्याचं छापलेलं असायचं, लावून बघितलं की तेच पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी यायचे. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे, बदकं. कॅसेट लागली नाही की काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, परत लावायची. हातातल्या त्या चौकोनाला आम्ही रिमोट म्हणायचो, आणि तो माझ्या हातात यायचा सगळ्यात शेवटी, कारण मी मुलगी आणि वर लहान. तोवर बघत बसायचं. बघत बसणाऱ्याला खेळ जास्त कळतो, हे मला तेव्हा कळलं. कुठल्या विटेत काय दडलंय, कासव कधी मागे फिरतं, हे खेळणारा विसरतो आणि बघणारा सांगतो.

हेली मला आवडली ती याचसाठी. ती स्वतः फारशी खेळत नाही. पण जिमीच्या मागे उभं राहून काय चाललंय हे तिलाच आधी कळतं. आम्ही सुट्टीभर जे करत होतो ते ती सिनेमात करत होती.

व्हिडिओ गेमवरचे आधीचे गाजलेले सिनेमे आठवून पाहा. 'ट्रॉन' (१९८२) मध्ये माणूस यंत्राच्या पोटात ओढला जातो. 'वॉरगेम्स' (१९८३) मध्ये एक मुलगा खेळ समजून लष्कराच्या संगणकाशी बोलतो आणि अणुयुद्ध दाराशी येऊन उभं राहतं. 'द लास्ट स्टारफायटर' (१९८४) मध्ये मशीनवर जिंकणाऱ्या पोराला खऱ्या अंतराळयुद्धात उचलून नेतात. तिन्हीत खेळ हा दुसऱ्याच कशाचा तरी दरवाजा आहे. खेळाला खेळ म्हणून किंमत नाही, त्यातून जग वाचलं किंवा बुडालं तरच आहे. 'द विझर्ड'मध्ये जग वाचत नाही. पोरं यंत्राच्या बाहेरच राहतात. खांद्यावरून डोकावतात, ओरडतात, चुकलं की हळहळतात, एकमेकांना युक्त्या सांगतात. खेळताना मुलं प्रत्यक्षात कशी दिसतात, हे मोठ्या पडद्यावर मला पहिल्यांदा दिसलं ते या वाईट सिनेमात. वडीलसुद्धा त्यातून सुटत नाहीत. मुलांना शोधायला निघालेला बाप मॉटेलच्या खोलीत निकनं सोबत आणलेलं यंत्र सहज हातात घेतो आणि रात्रभर जागतो. सकाळी निक उठतो तेव्हा तो अजून तिथेच, डोळे लाल. सिनेमातला सगळ्यात खरा प्रसंग हाच असावा.

आता अंतिम फेरीतल्या एका बासरीकडे येते. ती जवळून बघण्यासारखी गोष्ट आहे. अंतिम फेरीत जिमी मागे पडलेला असतो. मग तो मारिओला पहिल्या जगातल्या किल्ल्यात नेतो, छतावरून पलीकडे काढतो आणि एका लपलेल्या खोलीत पोचवतो. तिथे पेटीत एक शिट्टी असते. आम्ही तिला बासरी म्हणायचो. ती वाजवली की वावटळ येते आणि मारिओला उचलून पुढच्या जगांच्या वाटेवर नेऊन सोडते. तिचे सूर निन्टेन्डोच्याच 'झेल्डा' या खेळातल्या बासरीचे आहेत, हे मला खूप नंतर समजलं. जिमीला ही जागा कशी ठाऊक? खेळ तर कुणीच पाहिलेला नाही. बाहेरून त्याला वाट सांगत ओरडणाऱ्या दोघांना तरी कशी ठाऊक? कथेतलं हे भोक एवढं मोठं आहे की त्यातून ट्रक जाईल. अमेरिकेतली मुलं त्यावर आजही हसतात.

आम्हाला मात्र ते भोक दिसलंच नाही. आमच्याकडे ज्ञान असंच यायचं. मॅन्युअल नव्हतं, मासिक नव्हतं, फोन करायला रेडमंड नव्हतं. कॉन्ट्रातली तीस जिवांची कळ कुणी शोधली, पहिल्या मारिओत पाइपात कुठे शिरायचं हे पहिल्यांदा कुणाला सापडलं, कुणालाच माहीत नसायचं. कुणाचा तरी आतेभाऊ, कुठल्या तरी गल्लीतला पोरगा. पुराणातल्या गोष्टींना लेखक नसतो, तसंच हे. ठाऊक असणं महत्त्वाचं, कसं ठाऊक ते कोण विचारतो?

जून उजाडायच्या आत मामेभावानं भाड्याच्या दुकानातून मारिओ-तीनची कॅसेट मिळवली. एकट्या खेळाची, म्हणून भाडं जास्त. पहिल्या किल्ल्यापर्यंत तोच गेला. पान खाऊन शेपूट मिळवली, आतल्या मोकळ्या जागेत धाव घेतली, उडाला, आणि छताच्या वर जाऊन दिसेनासा झाला. खोलीत चिडीचूप. पडद्यावर मारिओ नाही. मी म्हणाले, "उजवीकडेच दाबून ठेव, आणि थांबला की वर." तो थांबला. त्यानं वर दाबलं. दार लागलं, पेटी उघडली, बासरी मिळाली. नऊ जणांत तो आवाज एवढा झाला की शेजारच्या आजी काठी टेकत बघायला आल्या. एका कंपनीनं अमेरिकेतल्या पोरांसाठी पेरलेली जाहिरात सांगलीत अशी उगवली, आणि आमच्या त्या भाड्यातला एक पैसाही क्योटोला गेला नसणार.

पुढे जे झालं ते थोडक्यात. सिनेमातली स्पर्धा लेखकानं रचलेली होती, पण निन्टेन्डोनं लगेच ती प्रत्यक्षात उतरवली. मार्च १९९० मध्ये डलासपासून 'निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स' सुरू झाल्या आणि डिसेंबरमध्ये अंतिम फेरी झाली ती युनिव्हर्सल स्टुडिओतच. सहा मिनिटं एकवीस सेकंदांत तीन खेळ. त्यासाठी बनवलेल्या नव्वद करड्या आणि सव्वीस सोनेरी कॅसेटींवर आज संग्राहक जीव टाकतात. आता हजारो माणसं स्टेडियममध्ये बसून दुसऱ्याला खेळताना बघतात, तेव्हा मला त्या पडद्यापुढचे ओरडणारे प्रेक्षक आठवतात. १९९३ साली मारिओवर थेट सिनेमा निघाला तो दणकून आपटला, आणि २०२३ साली निघालेल्या ॲनिमेशनपटानं जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर कमावले. टॉड हॉलंड दूरचित्रवाणीचा नावाजलेला दिग्दर्शक झाला, जेनी लुईस गायिका झाली. ल्युकसच्या टोळक्यात मागे उभं असलेलं एक पोरगं पुढे स्पायडरमॅन झालं, टोबी मॅग्वायर. पॉवर ग्लोव्ह संग्रहालयांत गेला. जे जे विकायचं होतं ते ते विकून झालं आणि जुनं झालं.

राहिला डबा.

तो मी उघडलेला पाहिला पस्तिशीत, एका रविवारी दुपारी, लॅपटॉपवर, एकटीनं. पहिल्यांदाच रंगात. मारिओची टोपी लाल होती, हे माहीत असूनही नवल वाटलं. जिमी जिंकला, माणसं नाचली. सवयीनं मी मुंग्यांची वाट पाहिली. पण सिनेमा चालूच राहिला.

सगळं कुटुंब गाडीतून घरी निघतं. रस्त्याकडेला दोन प्रचंड डायनोसॉर दिसतात आणि जिमी ओरडतो, 'कॅलिफोर्निया!' हे डायनोसॉर खरे आहेत. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला कॅबझॉन नावाच्या गावी, महामार्गालगत. क्लॉड बेल नावाच्या शिल्पकारानं ते उभारले. लांब मानेचा डिनी १९६४ साली बांधायला घेतला आणि त्याच्या पोटात जिन्यानं जाता येतं. जिमी गाडीतून उतरून त्या पोटात पळत जातो, मागून सगळे. तिथे तो डबा उघडतो. आत जेनिफरचे फोटो असतात. ती जिवंत असताना सगळं कुटुंब इथे आलं होतं, याच डायनोसॉरपाशी फोटो काढला होता. सगळे एकत्र असलेली ती जागा. तो इतके दिवस बक्षिसाकडे नव्हे, इथे निघाला होता. बहिणीला निरोप द्यायला. डबा तो तिथेच ठेवतो आणि मोकळ्या हातानं बाहेर येतो.

मी लॅपटॉप मिटला आणि मामेबहिणीला फोन लावला. ती आता कोल्हापूरला शिकवते. तिला म्हटलं, "डब्यात काय होतं, कळलं." ती लगेच म्हणाली, "जिमीच्या?" पंचवीसएक वर्षांनी, नावासकट. सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे उघडायला घाबरत होता, हे माझं बरोबरच होतं."

जाहिरात म्हणून जे बनलं होतं त्याच्या पोटात कुणीतरी, बहुधा लेखकानं, ही एवढी जागा राखून ठेवली होती. स्पर्धा, मोजा, मासिक, नवा खेळ हे सगळं दुसऱ्यांनी मागितलं म्हणून घातलं असेल; डबा कुणी मागितलेला नव्हता. त्या डब्यामुळे मी या सिनेमाला माफ केलं आहे. चांगला तो त्यामुळेही होत नाही. पण ज्यांना काही विकत घेता येत नव्हतं अशा नऊ मुलांना तो शेवट न बघताही बरोबर तीच गोष्ट लक्षात राहिली, याची नोंद कुठल्याच परीक्षणात नाही. ती कुठेतरी व्हावी म्हणून हे पुस्तक.

पुढच्या प्रकरणांत मी चित्रपट प्रसंगाप्रसंगानं बघत गेले आहे. मध्ये त्या काळातली यंत्रं, नकला आणि भाड्याची दुकानं यांवर एक वेगळं प्रकरण आहे. ज्यांनी कधी कॅसेटीत फुंकर मारली नसेल त्यांनी ते आधी वाचायला हरकत नाही. खेळांची नावं मुद्दाम आमच्या तोंडी होती तशीच ठेवली आहेत.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक वाचण्याआधी जमलं तर सिनेमा बघा. हसा, त्याच्या चुका मोजा, मोज्याची टिंगल करा. फक्त जिमी जिंकला की उठू नका. अजून थोडा बाकी आहे.